सई, तुझी फी कोण देणार ते आधी ठरव

सांगली

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

'सीए नाही करायचं, फायनान्शियल प्लॅनिंगमध्ये डिग्री करायची' एवढं लिहून तू मोकळी झालीस. इकडे बाबा तेव्हापासून पेपर उघडतात आणि न वाचताच मिटतात. फोनवर हा विषय निघाला की आपण तिघंही एकदम बोलतो आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. कर, जरूर कर. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांवर आली तरी ज्याला ऑडिटमध्ये रस नाही त्याला ती दोन वर्षंही दहासारखी वाटतील. पण 'मला आकडेमोड आवडते' हे जे कारण तू देतेस, त्यावर तीन-चार वर्षं घालवू नयेत. लोकांच्या पैशांचं नियोजन करून द्यायच्या या कामातलं गणित एक्सेलवर बसतं. अवघड भाग वेगळाच आहे, त्याकडे येते.

डिग्रीचं बघू. नेमकं हेच नाव असलेली पदवी आपल्याकडे क्वचित सापडते. मुंबई विद्यापीठात बी.कॉम.ला फायनान्शियल मार्केट्स, अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स अशा शाखा आहेत. प्लॅनिंग त्यांत तुकड्यातुकड्यांनी येतं: इथे थोडा इन्कम टॅक्स, तिथे विमा, शेवटच्या वर्षात पोर्टफोलिओ. बीबीए किंवा बीएमएसकडे वळायचं असेल तर २०२४ पासून सीईटी आहे, तिच्या तारखेवर लक्ष ठेव. अमेरिकेत टेक्सास टेक किंवा कॅन्सस स्टेटसारख्या विद्यापीठांत फक्त याच विषयाची पदवी घेता येते. ऑस्ट्रेलियात तर जानेवारी २०१९ पासून नव्या सल्लागाराला मान्यताप्राप्त पदवीशिवाय हे काम करताच येत नाही. वर परीक्षा आणि वर्षभर कुणाच्या तरी देखरेखीखाली काम. तिथे चुकीच्या सल्ल्याने लोक बुडाल्याच्या भानगडी वर्षानुवर्षं बाहेर येत होत्या, त्यातून हा कायदा आला. आणि तो लागू व्हायच्या तोंडावरच, २०१८ मध्ये, रॉयल कमिशनच्या (तिथल्या सरकारी चौकशी आयोगाच्या) चौकशीत उघड झालं की काहीही सेवा न देता ग्राहकांच्या खात्यातून सल्ल्याची फी कापली जात होती. त्यातले काही ग्राहक तर मरण पावलेले होते.

जाहिरातींत बघशील त्या सीएफपीचा (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) आणि डिग्रीचा गोंधळ करू नकोस. सीएफपी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. त्यासाठी अभ्यास, परीक्षा, कामाचा अनुभव आणि नीतिनियम अशा चारही अटी पुऱ्या कराव्या लागतात. एखादी संस्था 'डिग्री अधिक सीएफपी' म्हणून भरमसाट फी मागत असेल तर डिग्री कुठल्या विद्यापीठाची आणि त्याला यूजीसीची मान्यता आहे का, हे दोनच प्रश्न विचार. गंमत म्हणजे या प्रमाणपत्राचं मूळ १९६९ साली शिकागोत भरलेल्या तेरा जणांच्या बैठकीत आहे आणि पुढाकार घेणारा लॉरेन डंटन हा विक्रीच्या धंद्यातून आलेला माणूस होता. हा व्यवसायच सेल्समनशिपच्या पोटी जन्मला. ते नाळेचं नातं अजून तुटलेलं नाही, आणि मला तुला सांगायचंय ते हेच.

तुझ्या कॉलेजात तिसऱ्या वर्षी कॅम्पसला बँका येतील. पद देतील रिलेशनशिप मॅनेजर. कार्ड छान असेल. काम असेल विमा आणि फंड विकणं. मी बँकेत काउंटरच्या या बाजूला बसते, त्यामुळे लॉगिन डे, म्हणजे पॉलिसी विक्रीचं टार्गेट गाठायचा दिवस, काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी शाखेत येणारा प्रत्येक माणूस हा संभाव्य हप्ता असतो. एफडी मोडायला आलेली बाई पॉलिसी घेऊन जाते. विकणारी पोरं वाईट नसतात गं, चांगल्या घरची, हुशार असतात. पण संध्याकाळी झोनल ऑफिसला आकडा कळवायचा असतो. हळदीच्या बाजारातला अडत्या 'आज माल काढू नका, थांबा' असं कधीमधीच सांगतो, कारण त्याची अडत उलाढालीवर असते. इथेही तेच.

एक हिशेब करून बघ. वर्षाला ५०,००० रुपये, वीस वर्षं. विमा एजंट सांगतो, दहा लाख भरा, अठरा लाख मिळतील, जवळजवळ दुप्पट. ऐकायला झकास. दर काढलास तर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. तेच पैसे पीपीएफमध्ये घातले (पंधरा वर्षं आणि वर पाच वर्षांची मुदतवाढ) आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असं धरलं, तर २२ लाख होतात. विम्याचं संरक्षण हवं असेल तर साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) वेगळा घ्यावा, त्याचा हप्ता या मानाने किरकोळ असतो. आता दुसरा. महिना १०,००० ची एसआयपी, २५ वर्षं. बारा टक्के धरले तर १ कोटी ८८ लाख, अकरा धरले तर १ कोटी ५८ लाख. एका टक्क्याने ३० लाख गेले, आणि त्या माणसाने पंचवीस वर्षांत खिशातून घातलेले एकूण पैसेही ३० लाखच. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये विकणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं; दोन्हींत जो फरक पडतो तो साधारण या टक्क्याच्या आतबाहेरचा. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, तरी आमच्या शाखेत येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते माहीत नसावेत असा माझा अंदाज आहे.

त्याच वर्षी, २०१३ मध्ये, सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरचे, म्हणजे गुंतवणूक सल्लागारांचे, नियमही आणले. वैयक्तिक सल्लागार म्हणून नोंदणी केलीस तर तुला फी ग्राहकाकडूनच घ्यावी लागते, कमिशनवर काही विकता येत नाही, आणि फी किती घ्यायची यालाही वरची मर्यादा आहे. त्यासाठी एनआयएसएमच्या परीक्षा द्याव्या लागतात. ही सेबीचीच संस्था, कॅम्पस आपल्या पाताळगंगेला, रसायनीजवळ. आधी पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. २०२४ च्या अखेरीस ती सैल केली आणि पदवीधरांना दार उघडलं. म्हणून तुझ्या डिग्रीला आज जी किंमत आहे ती पाच वर्षांपूर्वी नव्हती, हे बाबांना मी समजावतेच आहे. पण देशभरात असे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास, आणि एकट्या एलआयसीचे एजंट तेरा लाखांहून अधिक. इतके कमी का? कारण कमिशन दिसत नाही आणि फी दिसते. आपल्या माणसाला पाच हजारांचा चेक लिहिताना हात जड होतो. पॉलिसीतून पन्नास हजार गेले तरी त्याला पत्ता नसतो.

तेव्हा डिग्री निवडण्याआधी तुझा पगार कुणाच्या खिशातून यावा असं तुला वाटतं ते ठरव. सुरुवातीला दोन-तीन वर्षं बँकेत किंवा डिस्ट्रिब्युटरकडे काढलीस तर माझी हरकत नाही. पैशाबद्दल बोलताना लोक काय लपवतात हे तिथेच कळतं. फक्त त्याला प्लॅनिंग म्हणू नकोस.

आणि विषय त्या बेताने निवड. पोरं शेअर मार्केटच्या पेपरला गर्दी करतात. तू टॅक्स आणि कायदा पक्का कर. इथल्या घरांतले खरे प्रश्न तिथे असतात. तुझ्या मामाचंच घे. तो जिल्हा परिषदेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला म्हणून जुन्या पेन्शनमध्ये बसत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये संपावर गेला होता ते तुला आठवत असेल. त्याचं आणि त्याच्याहून दोन वर्षं आधी लागलेल्या शेजारच्या सरांचं म्हातारपण एकाच एक्सेलमध्ये बसणार नाही. किंवा नॉमिनी. लोकांना वाटतं नॉमिनी लावला की तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही सांगितलं की नॉमिनेशनने मालकी मिळत नाही, वारसाहक्क वेगळा. आमच्याकडे भावाभावांची भांडणं काउंटरवर येतात ती यावरून. बहिणीला कुणी बोलावलेलंच नसतं, आणि तिचा हिस्सा असतो.

ठेवींचंही तसंच. बँक बुडाली तर माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंतचा विमा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एकच लाख होता. पीएमसी बँकेच्या दारातल्या रांगा टीव्हीवर बघून सगळा देश हळहळला, त्यानंतर तो वाढला. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा लागूच नाही. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था, अर्धा टक्का जास्त व्याज, चेअरमन ओळखीचे. चांगल्या चालवलेल्याही पुष्कळ आहेत. पण म्हाताऱ्या माणसाची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत असेल तर सल्लागाराने तोंड उघडायलाच हवं, भले चेअरमन मांडवात शेजारच्या खुर्चीवर बसलेले असोत.

म्हणून तुला एक काम देते. ठाण्याहून आलीस की आजीच्या कपाटातल्या सगळ्या पावत्या बाहेर काढ. दोन पतसंस्था, एक बँक, पोस्टाची एमआयएस (मासिक व्याजाची योजना), आणि एलआयसीची एक पॉलिसी आहे जिचं काय झालं कुणालाच माहीत नाही. कुठे किती, कधी संपतं, नॉमिनी कोण (एका पावतीवर अजून आजोबांचंच नाव असणार), टीडीएस कापला असेल तर परत मिळतो का, हे सगळं एका कागदावर मांड. आजी तुला फी देणार नाही आणि पहिले दोन तास पावत्याही देणार नाही. त्या दोन तासांत तुझा संयम टिकला तर मी स्वतः बाबांशी बोलते.

सीईटीचा फॉर्म भरायला पैसे पाठवलेत, मिळाले का ते कळव. मावशीला सांग, 'चकल्यांचा डबा परत आण' असं आई म्हणाली.

तुझी,
आई