टाकीचं काय झालं, तर ऐक

28 जानेवारी 2025

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

गावच्या ग्रुपवर तुझा मेसेज वाचला. "टाकीचे पैसे कुणी खाल्ले?" एवढी एकच ओळ आणि पुढं तीन रागावलेली लाल तोंडं. खाली अठरा जणांनी अंगठे दाखवले. त्यातले सोळा पुण्या-मुंबईतले, हे मी मुद्दाम मोजलं. तिथंच उत्तर द्यायला बसलो होतो, पण पाण्याच्या नव्या टाकीची गोष्ट मेसेजात मावेना. म्हणून दहावीनंतर पहिल्यांदा तुला कागदावर लिहितोय. अक्षर तेव्हाही वाईट होतं, आता विचारूच नकोस.

परवा 26 तारखेला ग्रामसभा झाली. झेंडावंदन, पोरांची कवायत, बुंदीचा पुडा, आणि मग सभा. दरवर्षी पुडा हातात पडला की गाव पांगतं, हे तुला माहीत आहे. सभा भरायला गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आपल्याकडं शंभर. एरवी तीस-चाळीस टाळकी जमतात, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नसल्यामुळं पुढच्या वेळी बारा जणांत सगळे ठराव मंजूर. रजिस्टर नंतर घरोघर फिरतं सह्यांसाठी. मीही अशा सह्या केल्यात, लपवत नाही. यंदा मात्र सरपंचवहिनींनी एक युक्ती केली. बुंदी सभेनंतर! शंभराच्या वर माणूस बसला, त्यात निम्म्या बायका.

दुसरी गोष्ट म्हणजे वहिनी स्वतः बोलल्या. निवडून आल्यापासून खुर्चीवर त्या आणि बोलायला त्यांचे मालक, असं चाललं होतं. बायकांना 50 टक्के आरक्षण आलं तेव्हापासून गावोगाव हेच बघतोय आपण. परवा मालक मागं बाकावर बसले होते, गप्प. वहिनींच्या हातातला कागद थरथरत होता. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. मग मागून तात्या ओरडले, "मोठ्यानं बोल की पोरी, घरात बोलतीस तशी!" सभा हसली आणि त्यांचा आवाज सुटला.

आता टाकी. ती जलजीवन मिशनमधली. ही योजना 2019 च्या 15 ऑगस्टला जाहीर झाली, प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. काम आपली पंचायत करत नाही. निविदा, ठेकेदार, बिलं सगळं जिल्हा परिषदेकडून. गावानं जागा द्यायची, लोकवर्गणीचा वाटा उचलायचा, आणि काम पुरं झालं की टाकी ताब्यात घ्यायची. या "ताब्यात घ्यायची"वरच सगळं अडलंय.

मरीआईच्या माळावर टाकी उभी आहे, रंगसुद्धा दिलाय. लांबनं बघशील तर म्हणशील, झाली की! डिसेंबरात चाचणीसाठी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेताकडं जाताना पाहिलं, खालच्या बाजूला जिथं भिंत आणि तळ जुळतो तिथं ओल धरली होती. हाताच्या पंज्याएवढी. संध्याकाळपर्यंत परातीएवढी झाली आणि खांबावरून ओघळ आला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "नवीन सिमेंट आहे, पाणी पितंय. महिन्यात आपोआप बुजेल, तुम्ही तेवढी सही करा." वहिनींनी सही केली नाही. ठराव घातला की गळती काढा, पुन्हा भरून दाखवा, मगच ताबा. ठेकेदार म्हणतो माझी आधीचीच बिलं थकलीत, मी माणसं कुठून आणू. म्हणून टाकी तशीच कोरडी उभी आहे.

तर कुणी खाल्ले याचं उत्तर असं, की शेवटचं बिल अजून निघालेलंच नाही. सही केली असती तर केव्हाच निघालं असतं, कागदावर काम पूर्ण झालं असतं, आणि तुझ्या फोनवरही ते पूर्णच दिसलं असतं. आधीच्या बिलात कुणी हात मारला असेल तर मला माहीत नाही, मी काही कुणाची हमी घेत नाही. पण ही टाकी रखडलीय ती एका बाईनं सही नाकारली म्हणून, आणि मला ते आवडलं.

खरी सभा पुढं रंगली. वरच्या आळीतल्या काकू उठल्या. त्याच, आपण ज्यांच्या चिंचा पाडायचो. म्हणाल्या, "ते पंचावन लिटर म्हंजे किती हंडं?" भाऊसाहेब गडबडले. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं सरकारनं ठरवलंय, पण गावाच्या तोंडी भाऊसाहेबच.) मागच्या बाकावरनं आठवीतली एक पोरगी म्हणाली, पंधरा लिटरचा हंडा धरला तर माणशी पावणेचारला जरा कमी हंडे. काकूंच्या घरात पाच माणसं, म्हणजे अठराच्या वर हंडे झाले. काकूंनी नातवाच्या फोनमधला फोटो काढून वहिनींपुढं धरला. न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा, पंधरा दिवसांच्या पंधरा ओळी, एक रेघ म्हणजे एक हंडा. कुठं तीन, कुठं चार, एका ओळीत तर नुसताच भोपळा. "भिंत काय उचलून आणता यीना, म्हणून फोटू आणलाय," म्हणाल्या.

आयुष्यात ग्रामसभेत मी असा पुरावा पाहिला नव्हता.

भानगड अशी आहे. नवी टाकी कोरडी, म्हणून सगळं गाव अजून शाळेजवळच्या जुन्या टाकीवर. ती बुटकी. वरची आळी जवळजवळ तिच्या तळाच्या उंचीला. खालच्या आळीचे नळ चालू असले की वर दाबच राहत नाही. त्यासाठीच वॉल्व्ह बसवून सकाळी आधी खालची, मग वरची अशी पाळी लावली होती. तरीही वर पाणी का चढेना? तर खालच्या आळीत नळाला मोटारी. लाइनलाच जोडून सरळ ओढायचं, वरच्या पाळीला टाकीत पाणीच उरायचं नाही. पाणीपुरवठ्याच्या शिपायानं आठवडाभर पहाटे फिरून यादी केली होती आणि वहिनींनी ती सभेत वाचली, नावानिशी. अकरा घरं. सभेत असली शांतता पसरली की चौकातल्या पिंपळावरचे कावळे ऐकू येत होते.

बाळ्या, सातव्या नंबरला तुझं घर आहे.

तुझा चुलतभाऊ राहतो तिथं, तुला कदाचित ठाऊकही नसेल. पण घरपट्टीच्या नोंदवहीत, नमुना 8 वर, नाव अजून तुझ्या वडलांचं, दादांचं, त्यामुळं वाचलं गेलं ते त्यांचंच नाव. ज्या माणसानं 72 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्याचं नाव पाणी चोरणाऱ्यांत! मला मान वर करवेना. दादांना जाऊन दहा वर्षं होत आली, वारसनोंद केली असतीस तर निदान तुझं नाव वाचलं गेलं असतं.

पुढं सगळे ठरावीक प्रश्न आले. मारुतीच्या देवळाचा सभामंडप पोरांना पाहिजे. पैसे आलेत ना, मग बांधा, असा त्यांचा हिशोब. भाऊसाहेबांनी शांतपणे सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के बंधित असतात, त्यातले निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. तिथला रुपया देवळाला लावता येत नाही. उरलेले 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि मांडव होत नाहीत. त्या चाळिसातूनच अंगणवाडीची फरशी आणि स्मशानाच्या शेडचे पत्रे झाले. पत्रे चांगले आहेत, जाऊन बघितले. तिथं फार वेळ थांबलो नाही.

चौकातला काँक्रीट रस्ता मात्र फसला, आणि तसं सभेत कबूल केलं गेलं. जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच नवा थर ओतला. आता रस्ता वर आणि घरं खाली. परटाच्या आळीतल्या घरांना पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं, आता एक पायरी उतरून जावं लागतं. गेल्या पावसात पाणी थेट चुलीपाशी. तात्यांनी विचारलं, "उकरायचं अंदाजपत्रकात होतं का नव्हतं?" होतं. मग उकरलं का नाही? वहिनी म्हणाल्या, "आमचं लक्ष कमी पडलं." बाळ्या, चाळीस वर्षं मी या चौकात ग्रामसभा बघतोय. "लक्ष कमी पडलं" हे शब्द खुर्चीवरून मी पहिल्यांदा ऐकले. लोकांनी त्यावरही आरडाओरड केलीच, ती काही सुटत नाही. आता कडेनं गटार काढायचं ठरलंय. पावसाच्या आत होईल का, याची मला शंका आहे.

मग बोरचा विषय निघाला. निम्मी सभा म्हणत होती की टाकीचं जाऊ दे, दोन बोर मारा. तिथं मात्र मी उठलो. एरवी मी बोलत नाही, तुला माहीत आहे, शाळेत कविता म्हणायला उभं केलं तरी पाय लटपटायचे. म्हटलं, पाण्याच्या योजनेची विहीर एप्रिलात तळाला जाते ती का? भोवतीच्या बोरनं. हिवरे बाजारनं शेतीला बोर बंद केली, ऊस-केळी बंद केली, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. तेही दुष्काळीच गाव होतं. लांब कशाला, आपल्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं 2018 ला पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला. आपणही त्या उन्हाळ्यात दहा दिवस चर खोदले, फोटो काढले आणि घरी गेलो. ते चर आता गाळानं भरलेत. रोजगार हमीतून गाळ काढता येईल, यंदा, 2024-25 ला, मजुरी 297 रुपये आहे, माणसांनी मागणी नोंदवली पाहिजे. एवढं बोलून बसलो. कुणीतरी मागून म्हणालं, "297 रुपयांत आता कोण पाटी उचलतंय?" खरंय त्याचंही. कांद्याला चारशे देऊन माणूस मिळत नाही. तरी नऊ जणांनी नावं दिली. बोरचा ठराव पुढच्या सभेवर गेला, पडला नाही.

शेवटी थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टी. तुला पाटोद्याचं माहीत असेल, संभाजीनगरजवळचं, तिथं कर भरणाऱ्याला पंचायत दळण फुकट दळून देते. आपल्याकडं दळण नको, निदान भरा तरी, असं भाऊसाहेब म्हणाले. यादी चावडीच्या दारावर चिकटवलीय. पंचायतीचा हक्काचा पैसा म्हणजे हाच. तोच नसेल तर वॉल्व्हच्या वायसरसाठीसुद्धा वर हात पसरावे लागतात. तुझ्याकडं चार वर्षांची बाकी आहे. रक्कम लिहीत नाही, मागणीबिलाची झेरॉक्स सोबत घातलीय. मी भरू शकलो असतो. मुद्दाम भरली नाही.

रागावू नकोस. मतदानाला तुम्हाला न्यायला स्वारगेटपर्यंत जीप येते, ग्रामसभेला कुणी पाठवत नाही, हे मला कळतं. पण पुढची सभा 1 मेला आहे आणि तुला सुट्टी आहे. चुलतभावाला मी काही बोललो नाही, ते तू बोल. येताना दादांचा मृत्यूचा दाखला आणि तुमच्या सगळ्या भावंडांची आधार कार्डं घेऊन ये, म्हणजे वारसनोंदीचा अर्ज त्याच दिवशी देऊ. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून झालंय, याच 18 तारखेला देशभर घरांच्या मालकीची 65 लाख कार्डं वाटली म्हणे. आपल्या घराच्या मालकीची सनद येईल तेव्हा त्यावर तरी बरोबर नाव पडू दे.

आईला गुडघ्याचं तेल पाठवलंस ते पोचलं. तिला बरं वाटतंय, निदान तसं ती म्हणते. तुझ्याकडच्या वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू

ता. क. पत्र टाकायला निघालो होतो, वाटेत काकू भेटल्या. आज त्यांच्या नळाला नऊ हंडे आले. अकरातल्या कुणीकुणी रात्रीत मोटारी काढल्यात. तुझ्या घरासमोरून मुद्दाम गेलो, पण दार बंद होतं. मोटार आहे की नाही ते दिसलं नाही.