फोंडा घाट उतरण्याआधी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री जंगलातली जनावरं मोजायला दाजीपूरच्या मचाणासाठी तुझं नाव आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मैत्रिणी तशाच पुढे देवगडला आणि तिथून किनाऱ्याने मालवणला जाणार म्हणतेस. देवगड-निपाणी रस्ता ही माझ्या माहेरची वाट. राधानगरी सुटली की एसटीच्या खिडकीशी जागा मिळावी म्हणून माझी धडपड असायची. तेव्हा या वाटेबद्दल चार गोष्टी सांगायचा माझा हक्क आहे, आणि त्या फोनवर नीट सांगून होत नाहीत.

सगळ्यात आधी झोपेचं. मचाणावर संध्याकाळी उजेड असतानाच चढवतात आणि सकाळीच उतरवतात. मधली सगळी रात्र डोळे ताणून बसायचं. खाली उतरल्यावर तुम्हाला खूप ताजंतवानं वाटेल, काय काय दिसलं ते सांगायची घाई होईल, आणि त्याच भरात कुणीतरी गाडीची चावी फिरवेल. तसं करू नका. फोंडा घाट वळणावळणाचा आहे, समोरून मालाच्या गाड्या येतात, आणि रात्रभर जागलेल्या माणसाला पेंग येते ती कळतसुद्धा नाही. दाजीपुरातच मुक्कामाची खोली दोन दिवसांची घ्या. अंघोळ करा, पोटभर खा, दुपारपर्यंत झोपा, मगच घाट उतरा. समुद्र संध्याकाळी भेटला तरी चालेल. एवढं एक माझं ऐकाच.

आता जंगलाचं. दाजीपूर ही कोल्हापूरच्या महाराजांची शिकारीची राखीव जागा. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आहे. शेजारी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आहे, पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणाऱ्या दरवाजांचं. जाताना ते दिवसा उजेडी बघून घ्या.

वैशाखात ओढे आटतात, म्हणून जनावरं उरल्यासुरल्या पाणवठ्यावर येतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो आणि उजाडेपर्यंत राहतो, त्यामुळे टॉर्चशिवाय दिसतं. दाजीपूरचं रान दाट आहे, चांदणं झाडोऱ्यातून कवडशांनीच खाली येतं, तेव्हा डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेव. भेकर म्हणजे छोटं हरण, ते कुत्र्यासारखं भुंकतं. तसं भुंकणं सारखं ऐकू आलं तर आसपास बिबट्या असू शकतो. रातवा पक्षी एकसुरी ठोके देत राहतो. गवा मात्र एवढा अवाढव्य असून आवाज न करता येतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, आणि अंधारात आधी दिसतात ते त्याचे गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे. कळपाच्या पुढे बहुधा वयस्कर गाय असते. ती पाण्याजवळ थांबून वास घेते, तिला खात्री पटली की मग बाकीचे येतात. म्हणून अत्तर नको, भडक कपडे नकोत, वेफर्सची पाकिटं नकोत. फोन बंदच ठेव. सोबतचा वनमजूर सांगेल तसं वाग, तो त्या पाणवठ्याला वर्षानुवर्षं ओळखतो. नोंदीच्या कागदावर जे खात्रीने दिसलं तेवढंच लिही. काहीच आलं नाही तर तसं लिही. तीही नोंदच आहे.

गव्याचं मी एवढं लावून धरते त्याला कारण आहे. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला होता, आठवतं ना? ते जनावर गर्दीने, आरड्याओरड्याने आणि धावाधावीने इतकं थकलं की पकडल्यावर मेलंच. कुणी त्याला मारायला आलं नव्हतं. सगळे बघायला आले होते, मोबाइल पुढे करून. त्या बातमीने मला कितीतरी दिवस चैन पडलं नाही. तुझ्या मचाणाखाली गवा आला तर तू हललीसही नाहीस असं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. फोटो नसला तरी चालेल.

घाट उतरला की हवाच बदलते. फोंड्यानंतर नांदगाव तिठा, मग शिरगाव, तळेबाजार, जामसंडे. आंब्याचा हंगाम सरत आलेला असेल, पण अंगणांत रातांबे फोडून सालं वाळत घातलेली दिसतील. देवगडला किल्ल्यावरच्या दीपगृहापाशी जा, मग तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर. ही वाट जवळची, आणि पुलावरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. मंदिर अगदी पाण्याला लागून आहे. तिथे दर्शन घ्या, पाण्यात मात्र घोट्याच्या वर जाऊ नका. मेअखेरीला समुद्राला पावसाची चाहूल लागते, लाटा आतून ओढतात, आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी नको म्हटलं की वाद घालायचा नसतो.

पुढे तांबळडेगला वाळूत गाडी घालू नका. तिथे समुद्री कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात, गाडीचे दिवे दिसले तर पाण्याऐवजी जमिनीकडे भरकटतात. गाडी रस्त्यावर लावून चालत जा.

आचऱ्याला रामेश्वराचं देऊळ आहे. त्या गावाची गावपळण ऐकली असशील. देवाचा कौल मिळाला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातो, तीन दिवस तीन रात्री. मला ती प्रथा फार आवडते. त्यापुढे तोंडवळी-तळाशील. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कालावलची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. कणकवलीला ओलांडतो ती गडनदी इथेच समुद्राला मिळते. या पट्टीला घाई करू नका, मालवण कुठे पळून जात नाही. सिंधुदुर्ग किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी करा, ऊन चढायच्या आत.

शिरगावला मामीकडे जेवायचंच आहे. तिला आदल्या दिवशी कळव, कारण मासे ती सकाळीच घेते. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी खात नसेल तर तेही सांग, म्हणजे ती फणसाची भाजी करेल. परतताना घाट दुपारी चारच्या आत चढा. कातरवेळी दाजीपूरच्या बाजूला गवे रस्त्यावर येतात. दिसले तर दिवे मंद करून थांबा, हॉर्न वाजवू नका, कळप जाऊ दे. पेट्रोल राधानगरीतच भरून घ्या, आणि मचाणावर चढण्याआधी मला एक फोन कर. नंतर रात्रभर तुझा फोन लागणार नाही, हे बाबांना मी सांगून ठेवलंय.

तुझी,
आई