पहिला विकल्प कॅफेवाल्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी शासकीय आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड (हाताच्या कामाचा अभ्यासक्रम) शिकवणारा शिक्षक आहे. दहावीचा निकाल लागला की महिना-दीड महिना वर्कशॉप सोडून प्रवेशाच्या टेबलावर बसतो. 'आयटीआयला मुलं येत नाहीत' असं सगळे म्हणतात. येतात हो! पण फॉर्म भरून येतात, आणि तो भरलेला असतो नेट कॅफेवाल्याने.

गेल्या वर्षीचं एक पोरगं अजून डोळ्यांपुढे आहे. दहावीला ८४ टक्के, घरची मोटर स्वतः दुरुस्त करणारं. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. कॅफेत गर्दी होती, म्हणून यादीत जे वर दिसलं ते पहिला विकल्प म्हणून टाकलं गेलं: वेल्डर. पहिल्याच फेरीत जागा लागली, घरात पेढे वाटले. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते. सोडली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. हे त्याला पहिल्यांदा माझ्या टेबलावर कळलं. वडील म्हणाले, "सर, एवढं खालीवर करून द्या की." माझ्या हातात काही नव्हतं.

वेल्डर वाईट ट्रेड नाही, चांगल्या वेल्डरला कामाची ददात नसते. पण तो एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन, फिटर असे दोन वर्षांचे ट्रेड केले, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. त्या मुलाचा तो रस्ता शंभर-दोनशे रुपयांच्या फॉर्म-भराईत गेला.

मुलींचं तर विचारूच नका. ३० टक्के जागा राखीव असूनही बाप टेबलाशी येऊन आधी शिवणकामाचं विचारतो. मुलगी मागे उभी राहून भिंतीवरचा मशिनिस्टचा तक्ता वाचत असते.

आम्ही समजावतो, पण अर्ज निश्चित करायला आलेल्यांच्या रांगेत एकेकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. कागदपत्रं तपासायची की आयुष्याचं बोलायचं? म्हणून आयटीआयचा कारभार पाहणाऱ्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाला विनंती आहे, की जानेवारी-फेब्रुवारीतच दहावीच्या वर्गांना एक दिवस जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आणावं. लेथ चालताना बघू द्या, वेल्डिंगचा वास घेऊ द्या. आणि विकल्प भरण्याच्या दिवसांत आमचीच संगणक लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवायची परवानगी द्यावी. थांबायला मी तयार आहे, माझ्यासारखे आणखीही निघतील.

— एक शिल्प निदेशक, बीड जिल्हा
(कृपया नाव छापू नये)