मराठी उपासना गीतांना मात्रा मोजणारे साधन हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) गायकवृंदात मी गेली वीस वर्षे गात आहे. नाताळ, उपवासकाळ आणि पुनरुत्थानदिन यांच्या निमित्ताने उपासनेसाठी नवी गीते लिहिण्याचे कामही माझ्याकडे असते. मराठीच्या संगणकीय वापराची चर्चा सध्या बरीच होते, परंतु तीत आमच्यासारख्या गीतकारांच्या गरजेचा उल्लेख आढळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या मंडळ्यांत दोन प्रकारची गीते वर्षानुवर्षे शेजारी नांदत आली आहेत. रेव्ह. ना. वा. टिळक यांच्यासारख्यांनी अभंगाच्या आणि पदांच्या अंगाने लिहिलेली, पेटी-तबल्यावर चालणारी गीते हा एक प्रकार, तर पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवलेली, ऑर्गनवर किंवा कीबोर्डवर म्हटली जाणारी गीते हा दुसरा. गीतकाराची खरी कसोटी लागते ती या दुसऱ्या प्रकारात. पाश्चात्त्य गीतपुस्तकांत प्रत्येक चालीपुढे ८.७.८.७ असे आकडे छापलेले असतात. ती त्या त्या ओळीतील उच्चारखंडांची संख्या असते. हिम्नरी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर त्या आकड्यांनुसार चाली शोधता येतात आणि एका चालीचे शब्द दुसऱ्या चालीवर म्हणून पाहण्याची उत्तम सोय होते. मराठी शब्दांना मात्र हा हिशेब पुरत नाही. ‘कृपा’ आणि ‘प्रीती’ या दोन्ही शब्दांत दोनच अक्षरे आहेत, परंतु ‘कृपा’च्या मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळाची मापे) तीन आणि ‘प्रीती’च्या चार. चालीतला पहिला सूर लांब असला, तर ‘प्रीती’ त्यावर अलगद बसते आणि ‘कृपा’चा मात्र ‘क्रूऽपा’ होतो. रविवारी मागच्या बाकावरच्या आजीबाई तो तसाच म्हणतात, कारण चाल त्यांना दुसरे काही म्हणूच देत नाही. अर्थाच्या दृष्टीने तर एका शब्दाच्या जागी दुसरा घालता येत नाही, त्यामुळे सगळी ओळच नव्याने बांधावी लागते.

हे काम मी आजही वहीत, प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूच्या खुणा करून करतो. नियम गुंतागुंतीचे नाहीत. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर येत असेल तर त्याच्याही दोन. ओळ टंकित करताच तिच्या मात्रा आणि अक्षरे बाजूला दाखवील, आणि मराठीत तो आघात नेहमीच येत नाही हे ओळखून गीतकाराला तेवढी खूण बदलू देईल, असे साधे व मोफत साधन कुणी तयार केले तर आमचे अर्धे कष्ट वाचतील. त्याला अक्षरेही मोजता आली पाहिजेत, कारण मोठ्या अभंगाचे माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे असते, तिथे मात्रांचा प्रश्न नसतो. ओवी तर त्याहूनही मोकळी. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण ओवीतच आहे. परक्या भूमीतून आलेल्या माणसाने इथल्या मापात लिहिण्याचे कष्ट चारशे वर्षांपूर्वी घेतले होते.

जी साधने आज हाताशी आहेत त्यांचा आम्हाला फार उपयोग झाला आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे. म्यूझस्कोर या मोफत प्रणालीत स्वरलेखन करून त्याखाली देवनागरीत शब्द लिहिता येतात आणि ती चाल लगेच ऐकताही येते, त्यामुळे कोणत्या सुराखाली कोणते अक्षर येते हे तालमीआधीच कळते. मूळ चाल पेटीच्या पांढरी चार या पट्टीत असेल आणि मंडळीतल्या पुरुषांना तारसप्तकात ओरडावे लागत असेल, तर ती पांढरी दोनमध्ये उतरवण्यास क्षणभरही लागत नाही. पूर्वी आमचे पेटीवादक यासाठी अख्खी संध्याकाळ खर्च करीत असत. याच मुंबईत, वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीसाठी मात्र इतकी सोय नाही. कोमल स्वराखालची आडवी रेघ साध्या संदेशातून पाठवताना गळून पडते आणि पलीकडच्या गायकाला कोमल गंधार शुद्ध दिसतो. आम्ही अजूनही वहीच्या पानाचे छायाचित्र काढून पाठवतो.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या संयुक्त उपासनेत घडलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. मी बारा गीते एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकित करून नेली होती. तो फॉन्ट तिथल्या संगणकावर नव्हता आणि पडद्यावर शब्दांऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग उमटली. तीनशे माणसे उभी होती. पाळकांनी पहिली ओळ स्वतः म्हणून मंडळीला म्हणायला लावली आणि उपासना तशीच पुढे नेली. त्यानंतर मी सर्व गीते कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नव्याने टंकित केली. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने तयार केलेला मुक्त हा फॉन्ट विनामूल्य मिळतो, आणि ओपनएलपी या मोफत प्रणालीतून ती गीते आता कोणत्याही सभागृहात पडद्यावर दाखवता येतात. अजूनही अनेक मंडळ्यांची गीते जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडली आहेत. ती टंकित करणारी पिढी आहे तोवर हे काम झाले पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मला तरुण सहकारी वारंवार विचारतात. एका तरुणाने अशा साधनाकडून लिहून घेतलेले स्तुतिगीत तालमीला आणले होते. त्यात ‘तुझी महिमा’ आणि ‘पवित्र आत्मा उतरली’ असे होते. महिमा आणि आत्मा हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, मराठीत पुल्लिंगी, आणि आपल्या उपासनेत पिढ्यानपिढ्या ‘तुझा महिमा’ असेच म्हटले गेले आहे. यमक चोख होते, पण भाषा आमची नव्हती. एखाद्या शब्दाला पर्याय सुचवणे किंवा वचनांचे संदर्भ शोधून देणे एवढ्यापुरते हे साधन मी वापरतो, आणि संदर्भ पवित्र शास्त्र (बायबल) उघडून तपासल्याशिवाय स्वीकारत नाही. शब्दाच्या छटेसाठी मला मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश अधिक भरवशाचा वाटतो. त्याची १८५७ सालची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांना शोधता येते. प्रार्थनेचे शब्द मात्र प्रार्थना करणाऱ्यानेच लिहावेत, असे माझे ठाम मत आहे.

हक्कांविषयी मंडळ्यांमध्ये बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे लिहितो. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार कवीच्या वा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतो. टिळकांचे निधन १९१९ साली झाले, त्यामुळे त्यांची गीते आता कुणालाही टंकित करून वाटता येतात. त्यांना अलीकडे कुणी नवी चाल लावली असेल तर त्या चालीचा हक्क वेगळा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्यास कायद्याच्या कलम ५२ने मुभा दिली आहे, परंतु तेच गीत ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर ठेवणे म्हणजे विधीत गाणे नव्हे. पडद्यावरच्या ओळींखाली गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव लिहिण्यास काहीही खर्च येत नाही, तरी ते क्वचितच लिहिलेले दिसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. राज्य मराठी विकास संस्थेने वृत्त, मात्रा आणि अक्षरे मोजणारे एक खुले साधन तयार करवून घ्यावे, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. त्याचा लाभ आमच्याइतकाच कीर्तनकारांना, शाहिरांना आणि मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांनाही होईल. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून हे काम हाती घ्यावेसे वाटले, तर माझ्या वहीत मात्रांच्या खुणा केलेली माझी स्वतःची चाळीस गीते आहेत. ती मी चाचणीसाठी आनंदाने देईन.

आपला विश्वासू,
एक मराठी गीतकार, भायखळा, मुंबई