सात पावसाळे बंद राहिलेलं इंजिन

फोंडा,
१८ जुलै

प्रिय उल्हास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह सगळं नवं घालून बांधलेलं प्रीमियर पद्मिनीचं इंजिन एकदाही न चालवता सात वर्षं मांगरात, म्हणजे शेडमध्ये, पडून आहे आणि चवथीला, गणपतीला, गाडी दारात उभी हवी, असं तू लिहितोस. जमेल. फक्त "नवी बॅटरी लावून सेल मारून बघतो" एवढं मनातून काढून टाक.

भरपूर चाललेल्या इंजिनाचे भाग एकमेकांना घासून बसलेले असतात. तुझ्या इंजिनाचे अजून बसलेले नाहीत. बांधताना लावलेलं तेल एवढ्या वर्षांत ओघळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, गेलं. बेअरिंगं आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आता जवळजवळ कोरडे असणार. तेल पोचण्याआधीची काही सेकंदंसुद्धा नव्या बेअरिंगवर ओरखडे काढायला पुरतात. म्हणून आधी हाताने, मग स्पार्क प्लगशिवाय स्टार्टरने, आणि पेट्रोल सगळ्यात शेवटी.

सुरुवात प्लगपासून. काढण्याआधी त्यांच्या भोवतीचा कचरा हवेने उडव, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. चारी प्लगवर नंबर घाल. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो, तो भोकातून आत सोड. चार सिलिंडरचं इंजिन थांबतं तेव्हा बहुधा एकाचा इनलेट आणि एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो. आपल्याकडची पावसाळी, खारी हवा याच दोन सिलिंडरांत शिरते, म्हणून गंज आधी तिथे शोध. तपकिरी पुसट छटा असेल तर घाबरू नको, ती तेलाने सुटते. खड्डे दिसले किंवा वरचा कडा खरवडल्यासारखा असला तर हट्ट न करता हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उचल. नव्या रिंगा त्या खड्ड्यांवरून फिरवल्या तर चार दिवसांत जातील.

प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ एटीएफ तेल १५ मिली सोड आणि दोन दिवस थांब. जास्त ओतू नको. हे १०८९ सीसीचं इंजिन, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला २७२ सीसी. पिस्टन वर आला की जागा उरते चाळीसेक सीसी. तेल दाबलं जात नाही. प्लग लावलेले असताना ते आत साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर फूटभर लांबीचा पाना लाव आणि इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने हळू फिरव. अडलं तर किंचित मागे-पुढे कर, तेल सोड, पुन्हा एक दिवस थांब. लांब पाइप घालून जोर लावलास तर चिकटलेली रिंग तुटेल. व्हॉल्व्ह कव्हर आधीच काढलेलं असू दे. दोन पूर्ण फेऱ्यांत आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर यायला हवेत. एखादा खालीच राहिला तर तो गाइडमध्ये अडकलाय; तसंच फिरवत राहिलास तर पिस्टन त्याला गाठेल किंवा पुशरॉड वाकेल. रॉकरवर आणि पुशरॉडच्या भोकांतून ताजं तेल पाव लिटर ओत, म्हणजे टॅपेट आणि कॅम भिजतील.

जुनं तेल काढशील तेव्हा ते ताटात घेऊन नीट बघ. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. नवा फिल्टर आणि साधं मिनरल २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घाल. हल्लीच्या पातळ सिंथेटिक तेलांत जस्ताचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं, आणि सपाट टॅपेटच्या जुन्या कॅमला ते जस्तच वाचवतं.

आता स्टार्टर. प्लग काढलेलेच, कॉइलची तार सुटी. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी सुईवाला गेज बसव, कारण डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा फार थोड्या दाबावर विझतो, त्याच्यावर विसंबू नको. दहा सेकंद फिरव, एक मिनिट थांब. पाच-सहा वेळा करूनही सुई हलली नाही तर तेलाचा पंप कोरडा आहे आणि तेल ओढत नाही. चेंबर उतरवून पंपाच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भर. ग्रीस नको, ते तेलात विरघळत नाही आणि वाटा बुजवतं. गेजवर दाब दिसला आणि रॉकरवर तेल झिरपलं, की मगच पुढे.

टाकीतल्या पेट्रोलला सध्या हातही लावू नको. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी थर करतं. एक लिटरची बाटली उंच टांगून त्यातून ताजं पेट्रोल दे. आता मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, तेव्हा जुने रबरी पाइप सगळे बदल आणि इथेनॉल चालणारेच आण. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा तर हमखास बदल. तो फाटला की पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं आणि तेल पातळ होतं, म्हणून डिपस्टिकचा वास घेत जा. कार्बोरेटर पूर्ण उघड. नळ्यांच्या तोंडांत आणि सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीची मातीची घरटी असणारच, उंदरांचं काथ्याचं सामानही.

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट दिसायला चांगले असले तरी त्यांच्यावर थर चढतो. बारीक कानशीने साफ करून गॅप बसव आणि टेस्ट लॅम्प लावून ठिणगीचं टायमिंग इंजिन बंद असतानाच जुळव. हे काम नीट झालं तर पहिल्या दोन वळशांत गाडी सुरू होईल. सेल मारत बसलास तर कॅमवरचं तेल पुसलं जातं.

रेडिएटर फ्लश कर, होज आणि बेल्ट नवे घाल. इथे पाणी गोठायचा प्रश्न नाही, तरी गंजासाठी कूलंट हवंच. ब्लॉकच्या बाजूच्या डमी (पत्र्याच्या गोल टोप्या) टोचून बघ, गंजलेल्या असतील तर आत्ताच बदल.

गाडी मांगराबाहेर ढकल, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेव, आणि इंजिन सुरू होताच रेस मिनिटाला २००० फेऱ्यांवर ने. आयडलिंग अजिबात नको. कॅमला तेल क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून मिळतं आणि हळू फिरताना ते पुरेसं उडत नाही. वीस मिनिटं १५०० ते २५०० च्या दरम्यान कमी-जास्त करत ठेव. सुरुवातीचा निळा धूर हा तू ओतलेल्या तेलाचा, तो कमी होत जाईल. दाब पडला किंवा टकटक वाढली तर त्याच क्षणी बंद कर.

इंजिन गरम असतानाच ते तेल आणि फिल्टर काढून टाक. आत घासलेल्या धातूची पूड त्यात उतरलेली असते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा कस. नंतर टॅपेटचा गॅप परत जुळव, कारण हेड दबलं की गॅप बदलतो.

रस्त्यावर काढण्याआधी चारी चाकांची ब्रेक सिलिंडरं उघड. तिथला जुना द्रव पाणी पिऊन बसलेला असेल. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर पहिल्याच वेळी कळेल. पहिले ५०० किमी साखळी-डिचोली-अस्नोडा-म्हापसा या रस्त्याने फिरव: तिसऱ्या गिअरमध्ये थोडं जोराने ओढ, मग पाय सोडून वेग उतरू दे. रिंगा अशाच बसतात. एकाच वेगात तासभर चालवू नको आणि चोर्ला घाट तेवढ्या दिवसांत टाळ. ५०० ला पुन्हा तेल बदल.

रबरी सामान आणि गॅस्केटचा संच आधीच मागव, ते मिळायलाच वेळ लागतो. कॅमेऱ्यातून दिसलेल्या चारी सिलिंडरांचे फोटो पाठव, हेड उचलायचं की नाही ते बघून लगेच कळवतो. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
मोहन