गिटारच्या चॅनलवर ‘गायक’ लिहिणाऱ्या दादांना

दादा,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. त्या रात्री आमच्या कार्यक्रमाला तुम्ही नेहमीच्या साउंडवाल्याच्या बदलीवर आला होतात. जागेच्या मालकांकडे तुमचा नंबर नाही आणि ज्यांनी तुम्हाला पाठवलं ते काही फोन उचलत नाहीत. पण हे पत्र फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचलं, तर तुम्ही आम्हाला लगेच ओळखाल. आमचा सर्फ बँड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्यांचं गिटारचं संगीत वाजवणारा: चौघंजण, दोन गिटार, बेस, ड्रम्स, आणि गाणारं कोणीच नाही. त्यातली डाव्या बाजूला उभी राहून ऱ्हिदम वाजवणारी ती मी.

तुम्ही आत आलात, केबलची पिशवी खाली ठेवलीत आणि विचारलंत, “यात गातंय कोण?”

खरं सांगते, आमची तोंडं उतरली. हा प्रश्न आम्ही प्रत्येक ठिकाणी ऐकतो. “कोणी नाही, सगळं इन्स्ट्रुमेंटल आहे,” असं उत्तर दिलं की समोरून ठरलेला शब्द येतो: “मग सोपंय!” आणि या ‘सोपंय’लाच आम्ही घाबरतो. सोपंय म्हणजे दोन्ही गिटार सारख्या लेव्हलला लावायच्या, किक आणि स्नेअर हे दोन ड्रम वर काढायचे आणि मोबाइल बघत बसायचं.

तुम्ही म्हणालात, “ते कळलं हो. पण गातंय कोण?”

आमच्या लीडवाल्याने शाळेतल्यासारखा हात वर केला. तुम्ही पुढे विचारलंत, “सगळ्या ट्यूनमध्ये हाच?” तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. चौथ्या आणि सातव्या ट्यूनमध्ये सूर माझ्याकडे येतो आणि तो ऱ्हिदमवर जातो. हे आम्हाला कधी कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आम्हीही कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दोन ट्यूनमध्ये मी जीव तोडून वाजवते आणि समोर ऐकू येते ती त्याची साथ, हे आम्ही नशिबाचा भाग म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही मिक्सरवरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलंत: त्याच्या चॅनलखाली ‘गायक’ आणि माझ्या चॅनलखाली ‘गायक ४, ७’.

ती पट्टी मी काढून आणलीय. जाताना तुम्हाला न विचारता. माफ करा.

घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला की एवढ्याने काय बदललं. मला वाटतं, छोट्या जागी साउंड करणाऱ्या माणसाचा हात सवयीने गायकासाठी जागा करत असतो. मधली जागा आवाजाची. शब्द कळावेत म्हणून दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास गिटार जरा कापायची, ती दोन्हीकडे सरकवायची. गायक असेल तेव्हा हे बरोबरच आहे. पण आमच्यात ती राखून ठेवलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहते. लोकांना मधे एक भोक ऐकू येतं आणि ते म्हणतात, “छान होतं, पण एखादा गायक घ्या.” तुम्ही त्या खुर्चीवर गिटारला बसवलंत.

यात एक गंमत आहे, ती तुम्हाला सांगायचीच होती. सर्फ संगीत जिथे जन्मलं, त्या दक्षिण कॅलिफोर्नियात १९६१ साली गिटारवादक डिक डेल बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारोंच्या गर्दीपुढे वाजवत होता. तेव्हा पी.ए., म्हणजे लोकांसाठीचे मोठे स्पीकर, असायचा तो गाण्या-बोलण्यापुरता. गिटारचा आवाज थेट अ‍ॅम्पमधून लोकांच्या अंगावर जायचा. म्हणून तर गिटार बनवणारा लिओ फेंडर त्याच्यासाठी मोठ्यात मोठे अ‍ॅम्प आणि १५ इंची स्पीकर जुळवत बसला. थोडक्यात, आमचं संगीत मिक्सरवाल्याशिवाय वाढलेलं. आडदांड लेकरू आहे, त्याला शिस्त माहीत नाही. आणि स्प्रिंग रिव्हर्बची, म्हणजे सुराला घुमारा देणारी ती स्वतंत्र पेटी? फेंडरने ती १९६१ मध्येच काढली. पण डिक डेल स्वतः सांगायचा की रिव्हर्ब त्याला हवा होता तो आपल्या गळ्यासाठी. सूर लांबवता यावा म्हणून. गिटार त्यात मागाहून गेली. म्हणजे गायकाचं औषध गिटारने पिऊन टाकलं, आणि तुम्ही चिकटपट्टीवर जे लिहिलंत ते मुळातच खरं होतं.

पेटीवरून आठवलं. आमच्या लीडवाल्याची ती पेटी म्हणजे आमच्या सगळ्या भांडणांचं मूळ. गिटारमधून केबल पेटीत, पेटीतून अ‍ॅम्पमध्ये. आत स्टीलच्या स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात आणि आवाज त्यांतून खळखळत जातो. तार दाबून पिक मारला की रिकाम्या हंड्यात थेंब पडावा तसा ‘टुळुक’ आवाज येतो. हा टुळुक आमचा प्राण. पुढच्या बाजूला तीन बटणं: ड्वेल, मिक्सर आणि टोन. (हो, एका बटणाचं नावच मिक्सर. यावरून आम्ही पूर्वी फार फालतू विनोद केलेत.) आता ही पेटी आणि साउंडवाले यांचं काय काय झालंय, ऐका. एका ठिकाणी त्या टुळुकवर डिजिटल रिव्हर्बचा आणखी एक थर चढवला गेला. दोन आरसे समोरासमोर ठेवल्यासारखं झालं, ट्यून कुठे सुरू होते हेच कळेना. एकाने गिटारवर बारीक आवाज तोडणारा गेट लावला आणि प्रत्येक सुराची शेपटी कापली. एका कार्यक्रमात आमच्याच बेसवाल्याचा पाय पेटीला लागला. स्प्रिंगा एकमेकींवर आदळून जो गडगडाट झाला, त्याने घाबरून साउंडवाल्याने गिटार बंदच केली. केबल जळली असं वाटलं बिचाऱ्याला. दीड मिनिट आमची ट्यून फक्त बेस आणि ड्रम्सवर चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो भाग वेगळा.

तुम्ही मात्र आधी ऐकलंत. लीडवाल्याला म्हणालात, “एक सूर वाज आणि सोडून दे.” त्याने वाजवला. तुम्ही शेपटी पूर्ण विरेपर्यंत उभे राहिलात, मग अ‍ॅम्पच्या मागे गेलात. खिशातून ती छोटी टॉर्च काढलीत, दातांत धरलीत आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून हवेतच हळूहळू बाजूला सरकवू लागलात. घूंऽऽ असा जो आवाज आम्ही वर्षभर ‘जुन्या वायरिंग’च्या खात्यावर लिहीत होतो, तो वीतभर अंतरावर बारीक झाला, हातभर अंतरावर गायब. पेटी अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवायची आमची पद्धत. खाली अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर, वर स्प्रिंगांचा नाजूक पिकअप. घूं येणार नाही तर काय येणार? शिवाय अ‍ॅम्प हादरला की स्प्रिंगा हादरतात, स्प्रिंगा हादरल्या की अ‍ॅम्प ओरडतो. तुम्ही पेटी खाली जमिनीवर, ड्रम्सपासून लांब ठेवलीत आणि तिच्याखाली चादरीची चौपदरी घडी सरकवलीत. टॉर्च दातांतच असल्यामुळे “आता बघ” हे “आआ ब” असं ऐकू आलं. मला हसू आलं होतं, तुम्ही पाहिलंत बहुतेक.

मग आवाजाचा प्रश्न. इथे चूक आमची होती आणि ती मी कबूल करते. साउंड चेक झाल्यावर आमचा लीडवाला अ‍ॅम्प गुपचूप वाढवतो. नेहमीच. त्याला वाटतं, मोठ्याने वाजवल्याशिवाय तो आवाज ‘उघडत’ नाही. हे खूळ रॉकवाल्यांकडून उसनं आणलेलं आहे. त्यांचा आवाज फाटायला हवा असतो म्हणून ते अ‍ॅम्प पिळतात. आमचा आवाज स्वच्छच हवा, मोठा अ‍ॅम्प घ्यायचा तोही तो फाटू नये म्हणून. मग छोट्या खोलीत तो निम्म्यावर ठेवला तरी काही बिघडत नाही. पण हे त्याला आम्ही सांगून उपयोग नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त अ‍ॅम्पच्या पुढच्या कडेखाली लाकडाचे दोन ठोकळे घातलेत आणि त्याचं तोंड वर, थेट त्याच्या कानांकडे केलंत. इतके दिवस तो अ‍ॅम्प त्याच्या पोटऱ्यांना ऐकवत होता आणि कान कापले जात होते पहिल्या रांगेतल्या लोकांचे. दुसऱ्या ट्यूनच्या आधी त्याने आपणहून बटण मागे घेतलं. मी या बँडमध्ये आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. फेंडरच्या जुन्या मोठ्या अ‍ॅम्पना मागे रेलायला पाय यायचे म्हणे, ते शोभेचे नव्हते हे मला त्या रात्री पटलं.

ड्रम्सचं थोडक्यात सांगते. तुमच्याकडे माईक मोजके. एक किकला, दोन आमच्या अ‍ॅम्पना, आणि चौथा सगळे जण स्नेअरला लावतात. तुम्ही ड्रमरला आठ मात्रा वाजवायला लावल्यात. स्नेअर एवढ्याशा खोलीत माईकशिवायच भिंतीला थडकत होता, आणि त्याचा हात तर सारखा फ्लोअर टॉम या खालच्या मोठ्या ड्रमकडे जात होता. चौथा माईक तिकडे गेला. लाट येते ती त्या टॉममधून, हे तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही. आम्ही तर नाही.

मॉनिटरबद्दल, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरबद्दल, मात्र ड्रमरचा खास निरोप आहे. गाणारं कोणी नाही म्हटल्यावर “मग मॉनिटर कशाला?” असं बहुतेक जण म्हणतात. पण शब्दच नसल्यामुळे ट्यूनमध्ये आपण कुठे आहोत हे त्याला लीडवरूनच कळतं. अ‍ॅम्पची तोंडं लोकांकडे, तो मागे. त्याला ऐकू येते ती नुसती बुडबुड. तुम्ही त्याच्या मॉनिटरमध्ये फक्त लीड सोडलीत, बाकी काही नाही. तो म्हणतो, त्या रात्री पहिल्यांदा त्याने मोजणं सोडून ऐकलं.

आणि ती यादी! आमची सेटलिस्ट म्हणजे अकरा नावं. गाण्याची निदान पहिली ओळ असते. आमच्या ट्यूनच्या नावावरून कोणाला काय कळणार? तुम्ही प्रत्येकीपुढे लिहून घेतलंत, सुरुवात कोण करतं: ‘ड्रम्स एकटे’, ‘बेस’, ‘गायक, जोरात’, ‘शेवटी मुद्दाम पेटीला लाथ – घाबरू नये’. ही शेवटची ओळ तुम्ही वहीत लिहिलीत तेव्हाच मला कळलं होतं की आज आपल्याला कोणी बंद करणार नाही.

चौथ्या ट्यूनला माझी पाळी आली. मी पहिला सूर वाजवला आणि तो समोरून, खोलीच्या मधोमध उभा राहिला. हे कसं सांगू… आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा तसं काहीसं. मी चक्क एक जागा चुकले. सातव्याला माझा आवाज वाढवणारा तुमचा फेडर अर्धं आवर्तन उशिरा वर आला. तुम्ही लांबूनच कान पकडलेत आणि मी वाजवता वाजवता हसले. तो व्हिडिओ आहे आमच्याकडे. हसतानाचा सूरही बरा लागलाय.

यानंतर दोन कार्यक्रम झाले, वेगवेगळ्या ठिकाणी. आता आम्ही जाऊन ‘आम्ही इन्स्ट्रुमेंटल आहोत’ असं सांगत नाही. ‘आमची गिटार गाते, यादीत लिहिलंय कोण केव्हा’ असं सांगतो आणि कागद हातात देतो. एका ठिकाणी उपयोग झाला. दुसऱ्या ठिकाणी त्या कागदावर चहाचा कप ठेवला गेला. लीडवाला अजूनही साउंड चेकनंतर अ‍ॅम्पकडे बघतो, पण ठोकळे पिशवीत असतात. पेटीवर तुमची पट्टी चिकटवलीय, ‘गायक’ लिहिलेली. माझा अर्धा भाग मी कापून घेतला, तो माझ्या गिटारच्या केसमध्ये आहे.

आणखी एक. आवराआवरीच्या घाईत तुमची ती टॉर्च आमच्या केबलच्या पिशवीत आलीय. मागच्या बाजूला तुमच्या दातांच्या खुणा आहेत, म्हणजे ती तुमचीच. सेल संपले होते, नवे घालून ठेवलेत. कुठे आणून देऊ ते कळवा.

तुमची,
गायक ४, ७