हजानकाका, तुम्ही सही केलीत

आदरणीय हजानकाका,
शालोम.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले, हातावरची मेंदीही उतरली. तरी प्रार्थना चालवणारे आणि माझं लग्न लावणारे हजान म्हणून घरात तुमचं नाव निघालं की आईचा गळा दाटून येतो, आणि माझाही. समोर बसून बोलायला गेले तर नुसती रडेन, म्हणून लिहिते. आणि चारचौघांत लिहिते, कारण आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजात ज्यांच्या घरी आता लग्न ठरतंय त्यांना हे कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्यांच्या भरवशावर होतो त्यांचं नाव घेत नाही. मोठा लौकिक, सुरेल गळा. खुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, उभं राहून सात आशीर्वाद म्हणायला ते एका पायावर तयार होते. पण नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते म्हटल्यावर ‘त्या भानगडीत मी पडत नाही’ म्हणाले, आणि मग फोनच उचलेनासे झाले. नोंदणीच्या कार्यालयात वेगळीच तऱ्हा. ‘यहुदी म्हणजे ख्रिश्चनच ना? तसं लिहा की.’ महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, हे त्या टेबलावर कुणाच्या गावीही नव्हतं. आई पदराने डोळे टिपत जिना उतरली, ते मी अजून विसरलेले नाही.

हिंदूंच्या लग्नाला १९५५चा कायदा आहे, ख्रिश्चनांच्या १८७२चा, पारशांच्या १९३६चा. आपल्या लग्नाला असा वेगळा कायदा नाही. रिवाज, केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा, आणि प्रार्थनालयाचं रजिस्टर, एवढाच आपला आधार. तीस दिवसांची नोटीस देऊन विशेष विवाह कायद्याने लग्न करता येतं, तसं अनेकांनी सुचवलंही. पण आजी-आजोबांचं झालं तसंच आमचंही व्हावं आणि तेच सरकारदरबारी लागावं, एवढीच आमची इच्छा होती. मग सगळा भार येतो तो लग्न लावणाऱ्या माणसावर.

त्यात आम्हाला पुढेमागे इस्राएलला जायचंय. नणंद अश्दोदला असते. तिथे नागरी विवाह नाहीच, ज्यूंची लग्नं रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या हाती. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं होतं की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आई-आजीच्या मागच्या पिढ्या तपासा. आपल्या लोकांनी जेरुसलेमला ठिय्या दिला, तेव्हा कुठे १९६४ मध्ये त्यातून आपल्या समाजाचं नाव वगळलं गेलं. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कागद नीट नसला की काय होतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत वही उघडलीत. पासपोर्टवर नाव कसं आहे ते अक्षर-अक्षर लिहून घेतलंत, म्हणजे केतुबा, रजिस्टर आणि अर्ज यांत कुठे फरक पडायला नको. अंगठी नवऱ्याच्या स्वतःच्या पैशांची आहे ना, खड्याची नाही ना, हे विचारलंत. साक्षीदार व्हायला मामा हट्टाला पेटला होता. नातेवाईक चालत नाही, हे तुम्ही त्याला अशा मायेने समजावलंत की तो रुसलाही नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. आई-पप्पांचं लग्न तुमच्याच प्रार्थनालयात झालेलं. त्या नोंदीची प्रत पुढे लागेल, म्हणून तुम्ही कपाटातून जुनं रजिस्टर काढलंत. पिवळी पानं, कडेला वाळवीने खाल्लेली. तुम्ही पान शोधलंत आणि पप्पांच्या सहीखाली बोट ठेवलंत. निळ्या शाईतली, ‘र’ला लांब शेपूट असलेली त्यांची सही. पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मी लगेच मोबाइल काढला फोटो घ्यायला, तर तुम्ही हळूच म्हणालात, ‘झेरॉक्स नंतर काढू. आधी आईला बघू दे.’ रजिस्टर आईपुढे सरकवलंत, खिडकी उघडून उजेड केलात आणि मला घेऊन बाहेर आलात. किती तरी वेळ आपण ओट्यावर बसून होतो. तुम्ही नारळाच्या भावाबद्दल बोलत राहिलात. आत आई पप्पांच्या सहीजवळ बसली होती.

पुढे नोंदणीला तुम्ही स्वतः आलात, या वयात, एसटीने. सही केलीत, पत्ता लिहिलात, कुणी मागायच्या आत आधारची प्रत पुढे ठेवलीत. धर्म विचारल्यावर ‘ज्यू. रायगडातले. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच,’ एवढंच म्हणालात, आणि त्या बाईंनी मुकाट्याने लिहून घेतलं. ज्ञानी माणसं आपल्यात कमी नाहीत, गोड गळ्याचीही नाहीत. पण आपलं नाव खाली लिहून ‘हे मी केलं, विचारायचं तर मला विचारा’ म्हणणारी माणसं भेटावी लागतात. अशांच्या जिवावर आपला एवढासा समाज कोकणात टिकला, असं मला मनापासून वाटतं.

दक्षिणा तुम्ही घेतली नाहीत, जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा नाही. आईला ते लागून राहिलंय. म्हणून आमचं आग्रहाचं निमंत्रण: प्रमाणपत्र हाती आलंय, आता एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाने, मलिदा करायचाय, गोड पोह्यांचा आभाराचा नैवेद्य. तारीख तुमच्या सोयीने ठरवू. मामा गाडी घेऊन न्यायला येईल, तेव्हा या खेपेला एसटीचं नाव काढायचं नाही. काकींनाही घेऊन या.

तुमची,
तुम्ही लग्न लावून दिलेली लेक